कोणत्या बाजूला फिरत होता?

पहिल्या भेटीत मी त्यांच्या अंगावर विळा घेऊन गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मनावर ओझं नको.

त्याचं असं झालं. आमचं शेत मखमलाबादच्या पुढे. थोडी द्राक्षं, बाकी झेंडू, शेवंती, मेथी, वांगी, जे बाजाराला चालेल ते. त्या वर्षी आमच्या भागातून मोठा रस्ता जाणार अशी बोलवा उठली होती, आणि बांधावर कुणी अनोळखी माणूस उभा दिसला की आम्ही हातातलं काम टाकून बघायला धावायचो. एका सकाळी सून पळत आली. म्हणाली, आई, शेततळ्यावर एक म्हातारा दुर्बीण लावून बसलाय, मोजणीवाला असणार. मी मेथी कापत होते, तशीच उठले. जाऊन बघते तर ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय आणि हा माणूस कानावर माकडटोपी ओढून, लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून मातीत मांडी ठोकून बसलेला.

"कुणाला विचारून बसलात हो इथं?" मी म्हटलं.

त्यांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. नुसतं म्हणाले, "खाली बसा. तुमची सावली पाण्यावर पडतेय."

आणि मी बसले. माझ्याच शेतात, माझ्याच तळ्यावर, हातात विळा असताना मी का बसले हे मला आजतागायत कळलेलं नाही. बसल्यावर त्यांनी विचारलं, त्या पलीकडच्या काठावर काय आहे. मी म्हटलं, बारका पक्षी आहे, शेपूट हलवतो. तर म्हणाले, "सतत हलवतो की थांबून थांबून?"

आता बघा, मला तेव्हा बावन्न वर्षं झाली होती. या वयापर्यंत मला भाव विचारले होते, जेवायला काय आहे ते विचारलं होतं, मुलगा कुठं कामाला आहे ते विचारलं होतं. पण तुम्ही नीट बघितलंत का आणि काय बघितलंत, असं कुणी विचारलं नव्हतं. मी विळा मांडीवर ठेवला आणि चांगली दहा मिनिटं बघितलं. मग सांगितलं, सतत. उभा राहिला तरी बूड हलतंच. त्यांनी एका हाताने दुर्बीण डोळ्याला धरूनच खिशातली वही काढून लिहून घेतलं. किती वर्षं येतोय म्हणाले. मी म्हटलं, तळं खणल्यापासून येतो, दसऱ्याच्या आधी दिसायला लागतो आणि होळी झाली की जातो. तेव्हा कुठे त्यांनी दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे कुठं लिहून ठेवलंय?"

मी म्हटलं, लिहायचं काय त्यात. झेंडू तोडायला आलं की दिसतो.

त्यांना हे फार लागलं. म्हणजे रागावले नाहीत, पण एखाद्याच्या घरात सोनं उघड्यावर पडलेलं बघून माणूस जसा अस्वस्थ होतो तसे झाले.

सगळे त्यांना सर म्हणायचे, पण ते मास्तर नव्हते. वीज खात्यात होते. घरोघरचे मीटर बरोबर चालतात का, मंद चालतात का, कुणी हात लावलाय का, हे तपासायचं काम. जुन्या मीटरमध्ये काचेमागे एक चकती फिरायची, ती किती वेगाने फिरते आणि कोणत्या बाजूला फिरते हे बघण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. राहायला द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. खाली चोवीस तास ट्रक आणि रिक्षांचे भोंगे, आणि हे गच्चीवर उभं राहून सांगणार की समोरच्या जाहिरातीच्या फळीवर शिक्रा बसलाय, सगळ्यांनी आवाज कमी करा. हे ते भर चौकाला उद्देशून म्हणायचे. चौक काही ऐकायचा नाही.

नोकरीत असल्यापासून त्यांनी एकच नाद लावून घेतला होता, आणि सेवानिवृत्तीनंतर तोच उद्योग झाला. आपल्याकडे पाऊस सरला की उत्तरेकडून पक्षी यायला लागतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. नांदूरमध्यमेश्वरला तर त्यासाठी गाड्या भरून माणसं जातात. पण या थव्यांमध्ये कधी कधी एखादा असा असतो की जो आपल्याकडे यायलाच नको होता. वाट चुकलेला, वाऱ्याने ढकललेला. असा कुणाला दिसला की तो नाशकातल्या पक्षी बघणाऱ्यांमध्ये मोठा माणूस होतो. आणि तो खरंच दिसला का, हे ठरवायचं काम सरांनी आपल्याकडे घेतलं होतं. कुणी दिलं नव्हतं, घेतलं होतं. एक जाड वही होती. आलेली खबर आधी पेन्सिलीने. पटली तर शाईने. पेन्सिलीतून शाईत जायला दिवाळीनंतरचा पहिला रविवार लागायचा. त्या दिवशी सकाळी सगळे त्यांच्या गच्चीवर जमायचे, आपापला उरलेला फराळ घेऊन, आणि ज्याची खबर असेल त्याने उभं राहून ती सांगायची.

फोटो आधी दाखवायचा नाही. हा नियम. आधी तोंडाने सांगा. आणि त्यांचे प्रश्न ठरलेले. ऊन कुठे होतं? किती लांब होता? आणि तिसरा सगळ्यांचा घाम काढणारा, दुसरं काय असू शकलं असतं? जो म्हणाला की दुसरं काही असूच शकत नाही, त्याचा पक्षी पेन्सिलीतच राहिला म्हणून समजा.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची कॅमेऱ्याची लेन्स आमच्या फवारणीच्या पंपाएवढी. एका वर्षी त्यांनी कुठल्याशा दुर्मिळ ससाण्याचा फोटो आणला होता, पिसन् पीस मोजून घ्यावं असा. सर बघायलाच तयार होईनात. पाय कोणत्या रंगाचे होते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सर, फोटोत आहे ना सगळं. तर सर म्हणाले, "तुम्ही नुसता एक्स-रे बघून दात उपटता का, की तोंड उघडायला पण लावता?" गच्चीवर हशा झाला. डॉक्टर तेव्हापासून दरवर्षी चिडतात आणि दरवर्षी येतात. मला आता वाटतं, त्यांच्यावर विश्वास ठेवायला इतका वेळ घेणारा माणूस त्यांनाही दुसरा भेटला नसावा.

सरांकडे साधा बटणांचा फोन. पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप होता वहिनींच्या फोनवर. वहिनी म्हणजे सरांची बायको, ठेंगणी, हसरी, बोलायला खमकी. पोळ्या लाटता लाटता त्या मोठ्याने वाचायच्या की अहो, कुणीतरी गंगापूर धरणावर गरुड बघितलाय म्हणतंय. आतून सर ओरडायचे की विचार, ऊन कुठे होतं. वहिनी पिठाच्या बोटाने लिहायच्या, ऊन कुठे होतं. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी शेवटी त्या सरांना विचारतही नसत. एकदा कुणीतरी मोठ्या थाटात खबर टाकली, त्यावर वहिनींनी परस्पर उत्तर दिलं, "कापशी असेल हो, परत बघा." आणि निघाली कापशीच, रोज तारेवर दिसणारी.

माझं मात्र एका गोष्टीवरून सरांशी मनातल्या मनात भांडण होतं. पहिल्या भेटीनंतर ते पाच-सहा वर्षं दर शरदात आमच्या तळ्यावर यायचे. स्वतःचा स्टीलचा पेला आणायचे, त्यात माझ्या हातचा चहा घ्यायचे, मी काय काय बघितलं ते उतरवून घ्यायचे. मी पक्ष्यांना माझी माझी नावं ठेवली होती. त्यांनी कधी सुधारली नाहीत. पण मी म्हणायचे, सर, तुमच्याकडे ते चित्रांचं पुस्तक आहे ना, ते द्या की चार दिवस. आणि ते म्हणायचे, देऊ, देऊ. एकदा म्हणाले, तुम्हाला काय करायचंय पुस्तक. ते मला लागलं. मी सातवी पास. पण मिळेल ते वाचलेलं आहे, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. मला वाटलं, यांना वाटतंय की हिला काय कळणार. डॉक्टरांना दिलं असतं की. बाकीच्या सगळ्यांकडे होतं. मीच तेवढी बिनपुस्तकाची. गच्चीवरच्या रविवारीही मला कधी बोलावलं नव्हतं.

आता सरांच्या स्वतःच्या पक्ष्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडतं. दुसऱ्यांच्या खबरी तपासणाऱ्या या माणसाच्या नावावर एकच मोठी नोंद होती, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. फॅलरोप नावाचा पक्षी. सगळ्या जिल्ह्यात तो फक्त त्यांना दिसला होता. "सरांचा फॅलरोप" म्हणजे आमच्यातली आख्यायिकाच. कुणी नवीन माणूस आला की जुने लोक त्याला ती गोष्ट सांगायचे आणि सर खाली बघून लाजायचे. मी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की सरांच्या नावावर एक पक्षी आहे आणि त्याचं नाव मला नीट म्हणता येत नाही.

मग ते वर्ष आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. झेंडूवाल्याच्या घरात त्या दिवशी कुणी मेलं तरी उद्या मरा म्हणतील अशी घाई. रात्रभर वारा आणि परतीचा पाऊस झोडपून गेला होता. मी मोटर चालू करायला तळ्यावर गेले तर मधोमध एक पांढुरका जीव. चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान. पाण्यावर बुचासारखा तरंगणारा आणि जागच्या जागी गरगर फिरणारा. गिरकी, थांबला, पाण्यावरून काहीतरी टुकटुक टिपलं, पुन्हा गिरकी.

मी उभीच राहिले. मग आठवलं आणि खाली बसले. खाली पाच बाया झेंडू तोडायच्या थांबून माझी वाट बघत होत्या. सून दोनदा हाका मारून गेली. मुलाचा टेम्पो बाजाराला निघायचा होता. मी उठले नाही. लग्न होऊन आल्यापासून दसऱ्याच्या तोडणीला मी हलले नाही असं कधी झालं नव्हतं. सुनेला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी तिला फोन घेऊन ये म्हटलं. वहिनींना कळवलं आणि दोन फोटो काढले. ते फोटो नंतर डॉक्टरांनी मोठे करून बघितले आणि म्हणाले, मावशी, हा तर काळ्या प्लास्टिकवर पडलेला तांदळाचा दाणा आहे.

सर निघाले होते लगेच, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी द्वारकेहून बाहेर पडणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. फुलांच्या गाड्या, उसाच्या गाड्या, सगळं ठप्प. अर्ध्यातून रिक्षा सोडून चालत आले. पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि पक्षी अकराच्या सुमाराला उठून गेला होता. मला वाटलं, चुकचुकतील. पण नाही. पाणी प्यायले, टोपी काढली. मला ते पहिल्यांदाच टोपीशिवाय दिसले. वही उघडली.

ऊन माझ्या पाठीमागे होतं. लांब किती, तर वीस-पंचवीस फूट. डोळ्यामागे काजळ कानापर्यंत ओढलेलं, जरा फिसकटलेलं. चोच सुईसारखी, काळी. बुडी मारली का? एकदाही नाही. मग दुसरं काय असू शकलं असतं? मी म्हटलं, टिबुकली म्हणाल तर ती बुडी मारल्याशिवाय राहत नाही, आणि काठावरचे ते शेपूटहलवे पाण्यात बसत नाहीत. आणि सर, मी मोटर लावली, पाइपाचं पाणी धबाधब पडायला लागलं, तर हा घाबरून उडायचं सोडून त्या फेसाजवळ आला की.

त्यांचा लिहिता हात थांबला. म्हणाले, "गिरकी घेत होता म्हणालात. कोणत्या बाजूला फिरत होता?"

मी म्हटलं, "उलटा. म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. दर वेळी तसाच. माझ्या मनाला खटकलं म्हणून लक्षात राहिलं."

त्यांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मग हळूच म्हणाले, ताई, हा फॅलरोप होता. पाण्यावर अशा गिरक्या घेऊन टिपतो तो तोच. मी एकदा पाहिलाय. अहो, मला इतका आनंद झाला. आपण दोघांनी एकच पक्षी पाहिलाय म्हटल्यावर मला काय, माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी भाबडेपणाने विचारलं, "मग तुमचा कोणत्या बाजूला फिरत होता?"

त्यांनी टोपी कानावर ओढली. वही मिटली. चहा ठेवला होता तो न घेताच गेले. त्यानंतर तीन दिवस रोज सकाळी येऊन तळ्यावर बसले, दसऱ्याच्या दिवशीसुद्धा. पक्षी परत आला नाही. आणि त्या तीन दिवसांत माझ्याशी चार शब्दही बोलले नाहीत. माझ्या जिवाला घोर लागला. वाटलं, यांच्या एकट्याचं होतं ते मी मध्ये येऊन दुकटं केलं, म्हणून हे रागावले. दुसऱ्या मनाला वाटायचं, यांना मी खोटी वाटतेय. ते जास्त जाळत होतं. पेन्सिलीत राहिले तरी चालेल, पण खोटी नको.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. रविवारी गच्चीवर या म्हणाल्या, त्यांनी मुद्दाम सांगितलंय.

मी शेवंतीची जुडी आणि चकल्यांचा डबा घेऊन गेले. वीस-पंचवीस माणसं. माझी पाळी आली तेव्हा उभी राहून सगळं सांगितलं. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण शंका काढणं त्यांच्या अंगातच. म्हणाले, मावशी, राग मानू नका. सरांची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही ती कुठेतरी ऐकली असेल, पुस्तकात चित्र पाहिलं असेल. मग टिबुकलीचं पिल्लू दिसलं तरी डोळ्यांना तेच दिसतं.

मी चकल्यांचा डबा उचलायला वाकले. तेवढ्यात सर उठले.

"ताईंनी पुस्तक पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पाच वर्षं मागतायत. मी दिलं नाही. माझ्या पक्ष्याची गोष्टही मी त्यांना कधी सांगितली नाही. इतके स्वच्छ डोळे मला दुसरीकडे मिळाले नसते, म्हणून मी स्वार्थीपणा केला. ताई, त्याबद्दल माफ करा."

मी कुठली माफ करते. मला तर बसायला जागा सापडेना. पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी वहीचं अगदी जुनं पान काढलं आणि ती डॉक्टरांच्या हातात दिली. म्हणाले, आता माझी खबर घ्या. प्रश्न तुम्हाला पाठ आहेत.

डॉक्टर म्हणाले, सर, कशाला. सर उभेच. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ऊन कुठे होतं. समोर, सर म्हणाले. किती लांब? लांबच, पाऊण पाणी ओलांडून. दुसरं काय असू शकलं असतं? सर म्हणाले, काठावर चरणाऱ्या तुतवारीच्या जातीतले दोन-तीन असे आहेत की खोल पाण्यात गेले तर थोडं पोहतात. त्यांपैकी कुठलाही.

मग डॉक्टरांनी पान खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "सर, फिरत होता हे यात लिहिलेलंच नाही."

"नाही लिहिलेलं."

"पण तुम्हाला आठवतंय ना?"

"अगदी स्पष्ट आठवतंय. पण कोणत्या बाजूला ते आठवत नाही. चकतीची बाजू बघण्यात माझा जन्म गेला, डॉक्टर. ती मला दिसली नाही असं होणार नाही." त्यांनी डॉक्टरांच्या हातातली वही परत घेतली. "पक्षी मी सकाळी पाहिला. पुस्तक संध्याकाळी उघडलं. त्या संध्याकाळपासून तो फिरायला लागला."

खाली द्वारकेचे भोंगे चालूच होते. सरांनी खिशातून फूटपट्टी काढली, म्हणजे ठरवूनच आले होते, आणि स्वतःच्या नोंदीवर शाईने एक सरळ रेघ मारली. खालची अक्षरं वाचता येतील अशी. खाडाखोड नाही. मग शेवटचं लिहिलेलं पान काढून माझी पेन्सिलीतली नोंद शाईने गिरवायला घेतली. प्रदक्षिणेच्या उलट, हे शब्दसुद्धा तसेच ठेवले.

मी स्वयंपाकघरात पळाले. वहिनी चहा गाळत होत्या. मी रडायच्या बेताला आले होते. म्हटलं, वहिनी, माझ्यापायी त्यांचा एकुलता एक पक्षी गेला हो. तर वहिनी म्हणतात, "जाऊ दे मेला. पंचवीस वर्षं ती गोष्ट ऐकतेय मी. दर वर्षी तो जरा जास्तच फिरायचा." आणि मग हळूच मला म्हणाल्या, गेला महिनाभर हा माणूस जेवत नव्हता. आज सकाळी चार पोळ्या खाल्ल्या. जाताना त्यांनीच ते चित्रांचं पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं.

मी नंतर सरांना विचारलं होतं, असं भर लोकांत कशाला खोडलंत. गुपचूप खोडलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, लिहिलं होतं तेव्हा लोकांना सांगूनच लिहिलं होतं ना.

त्यानंतर ते चार शरद होते. त्यांच्या नावावर दुसरा दुर्मिळ पक्षी काही लागला नाही. शोधत होते असंही नाही. आमच्या तळ्यावर यायचे, पाठीला उशी लावून बसायचे आणि मला विचारायचे. मी सांगायचे आणि ते लिहायचे. माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, आणि तो असा माकडटोपीवाला. देवाचे आभार मानायचे झाले तर मी पाऊसपाण्याच्या आधी त्याच्याबद्दल मानते.

गेल्या श्रावणात ते गेले. झोपेतच गेले, त्रास नाही झाला.

मी पंचवटीच्या फुलबाजारात टोपल्या मांडून बसले होते तेव्हा ग्रुपवर मजकूर आला. डॉक्टरांनीच लिहिला होता, चांगला लिहिला होता. सरांचं काम, सरांची शिस्त, सगळं. आणि मध्ये एक ओळ, जिल्ह्यातील पहिल्या फॅलरोपची नोंद करणारे. डॉक्टर त्या दिवशी गच्चीवर होते, वही त्यांच्याच हातात होती. पण दुःखात माणूस जुनं तेच लिहून जातो. त्याखाली पन्नास जणांचे हात जोडलेले.

मी फोन उलटा ठेवला. एक गिऱ्हाईक केलं. मनाला म्हटलं, राहू दे. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलतायत, कुणाचं काय बिघडतंय. शिवाय मी बोलणं म्हणजे किती वाईट. त्यांचा खोडला की पहिला माझाच की. लोक म्हणतील, राख गार व्हायच्या आधी ही म्हातारी नंबर लावायला आली. हे सगळं मला कळत होतं. पण ती ओळ डोळ्यांपुढून हलेना. त्या माणसाने सगळ्यांच्या समोर उभं राहून, फूटपट्टी धरून जे केलं, ते आम्ही एका सकाळीत पुसून टाकत होतो.

एका बोटाने लिहिलं. "सरांनी ती नोंद स्वतः खोडली होती. कृपया तेवढं काढावं."

दोन गिऱ्हाइकं झाली. मग कुणीतरी लिहिलं, मावशी, आजच्या दिवशी तरी. मी वाचलं. वाटलं, झालं, आता या माणसांमध्ये आपल्याला जागा नाही.

तेवढ्यात वहिनींचा फोन. मला घ्यायचं धैर्य होईना. घेतला. पलीकडे घर भरलेलं, बायकांचे आवाज, कुणीतरी भांडी हलवतंय. वहिनींचा आवाज रडून घोगरा झालेला.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी तेच लिहायला बसले होते हो. पण अक्षरं दिसेनात. अर्धंच झालं होतं, तेवढ्यात तुमचं आलं."

समोरची बाई शेवंती कशी दिली विचारत होती.

दुपारी डॉक्टरांनी मजकूर बदलून पुन्हा टाकला. खाली स्वतःचं नाव लिहून चूक झाल्याचं कबूल केलं. नव्या मजकुरात सरांच्या नावावर एकही पक्षी नव्हता.